डोळे मिटून काडेपेटी

लग्न होऊन या घरात मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. रात्रीची जेवणं उरकली, भांडी पालथी घातली, आणि सासूबाईंनी काही न बोलता कंदिलाची वात खाली ओढून तो विझवला. "काडेपेटी आण." एवढंच. मी भिंत चाचपत निघाले. उंबऱ्याला ठेचकाळले, पाटावर पाय पडला, मागाच्या खड्ड्यात जाता जाता वाचले. आधाराला हाती आला तो ताणा, आणि त्याचे दोन-तीन धागे तुटले. पलीकडच्या खोलीतून सासरे खाकरले. सासूबाई मात्र हूं नाही की चूं नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. आठव्या रात्री मी उठले, सात पावलं चालले, डावीकडे वळले, देवळीत हात घातला आणि काडेपेटी घेऊन परत आले. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता या घरची झालीस."

पोरी, तुला हा छळ वाटेल. मलाही वाटला होता, आणि माहेरी जाऊन मी आईपाशी रडलेही होते. पण पुढच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत त्या सात पावलांनी मला किती वेळा हात दिला याची मोजदाद नाही. म्हणून तूही एकदा दिवे घालवून बघ. तुमच्या पिढीचा हात आधी मोबाइलकडे जातो, माहीत आहे मला. जाऊ दे. पण मोबाइल कुठे ठेवलाय हेच तुम्ही दिवसातून दहा वेळा विचारता. एक सांगते, आता त्या देवळीत काडेपेटी नसते, बॅटरी असते. का, ते पुढे सांगते.

तू पुण्याहून आलीस. घरात पाऊल टाकल्यावर तुला पहिली दिसली ती पिंपं. तू हळूच नवऱ्याला विचारलंस, इतकं पाणी कशाला साठवतात? ऐकलं मी. अगं, येवल्याच्या माणसाला संकटाची तयारी कुणी शिकवावी लागत नाही. पाऊस कधी येतो, कधी पाठ फिरवतो. आपलं पाणी येतं पालखेडच्या डाव्या कालव्याने, आवर्तन सुटलं की साठवण तलाव भरतो, आणि मग नळाला कितव्या दिवशी पाणी येईल ते त्या तलावावर. "आवर्तन सुटलं का?" हा प्रश्न इथे लोक "जेवण झालं का?" सारखा विचारतात. तालुक्याच्या उत्तर-पूर्व भागात, राजापूर-ममदापूरकडे, उन्हाळ्यात टँकरच्या आवाजावर बायकांची झोप उघडते. त्यामुळे नळ चालू असताना न येणाऱ्या दिवसाचं बघायचं, हे आमच्या हाडीमाशी खिळलंय. फक्त ही पाण्याची सवय बाकीच्या वस्तूंना लावायची राहून जाते. माझं तुला सगळं सांगणं एवढंच आहे. पाण्याला करतो तेच औषधाला, पैशाला, कागदाला, उजेडाला करायचं.

आधी पाणीच. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धर. आपण पाच जण, तीन दिवस धरले तर पंचेचाळीस लिटर, म्हणजे साधारण तीन हंडे. हे तीन हंडे झाकलेले, वेगळे, आणि त्यात ओगराळ्यानेच पाणी काढायचं. पेला बुडवलास तर मी ओरडणार. अंघोळ-धुण्यासकट हिशेब करायचा तर माणशी पंधरा लिटरच्या खाली भागत नाही. गढूळ पाणी आलं तर तुरटी फिरव, पण तुरटीने गाळ बसतो, रोगजंतू मरत नाहीत. त्यासाठी खळखळून उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर उकळू द्यायचं, नाहीतर क्लोरीनचं औषध, मेडिक्लोर वगैरे, बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबायचं. अंदाजपंचे नको. आमच्या सासूबाई सगळं अंदाजाने करायच्या आणि जमायचं त्यांना, पण औषधाच्या मापात मी त्यांचं ऐकलं नाही.

आता या साठवणीला एक खोड आहे, ती त्यांना ठाऊक नव्हती. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. पुन्हा पाणी लागलं की जिवंत. पिंप आतून काथ्याने खसखसून घासायचं, खास करून पाण्याची रेघ जिथे उमटते तिथे. पाण्याची तयारी करता करता ताप घरात आणला, अशी घरं आपल्याच गल्लीत आहेत.

धान्याचं मला बाहत्तरच्या दुष्काळाने शिकवलं. मी तेव्हा बावीस वर्षांची. 1972. दुष्काळात पैठणी कोण घेणार? माग उभेच्या उभे राहिले. हातात धोटा धरणारी माणसं खडी फोडायला गेली, तलावाच्या कामावर माती वाहायला गेली. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो. त्याची भाकरी थापताना चिरायची, खाताना घशात अडकायची. आमच्या घरी मात्र कणगीत तळाला बाजरी होती, कारण सासूबाईंचा नियम होता, सुगीला आलेलं नवं धान्य मागे जायचं आणि आधीचं पुढे यायचं. नव्याच्या भाकरीचा मोह त्या कुणाला होऊ द्यायच्या नाहीत. तेव्हा राग यायचा. आज मी तुझ्या फडताळातले डबे पुढे-मागे करते तेव्हा तू नाक मुरडतेस, पण ते हेच आहे. दोन आठवड्यांचं पुरेल एवढं रोजच्याच खाण्यातलं ठेवायचं, वेगळं असं काही नाही. वेगळं ठेवलेलं अडगळीत जातं आणि त्याला जाळी लागते. शिवाय दोन-चार दिवसांचं बिनचुलीचं हवं: गूळ-शेंगदाणे, फुटाणे, मुरमुरे, पोहे, सातूचं पीठ. सातू गुळाच्या पाण्यात कालवला की झालं. डाळ-तांदूळ पोतंभर असून गॅस नसेल तर ते पोतं उशाला घेऊन झोपावं लागतं.

गॅसवर आले मी. इथे थांबून नीट ऐक, कारण ही गोष्ट पुण्याच्या फ्लॅटमध्ये तुला कुणी सांगितली नसणार.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि सखल जागा शोधतो. आणि आपलं घर विणकराचं. खड्डामाग म्हणजे काय, तर विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावडी दाबतो. घरात याहून सखल जागा कुठली? रात्री गॅस गळला तर तो स्वयंपाकघरातून उंबरा ओलांडून त्या खड्ड्यात जाऊन बसेल. स्वयंपाकघराची खिडकी उघडलीस, वास कमी झाला, तुला वाटलं निवळलं. खड्ड्यात मात्र तो तसाच असणार, आणि सकाळी विणायला बसणारा दिव्याचं बटण दाबणार. असा प्रकार आपल्याकडे झालेला नाही, होऊ नये म्हणूनच सांगते. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायचा, नुसतं शेगडीचं बटण नाही. सकाळी तो कुबट वास आला तर काडी नाही, बटण नाही, पंखा नाही, फ्रिजला हात नाही. चालू असलेला दिवासुद्धा बंद करायचा नाही, कारण ठिणगी बटण बंद करतानाही पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, सगळे बाहेर, आणि फोन बाहेर गेल्यावर. गॅसगळतीसाठी 1906 हा नंबर आहे. तो वास गॅसचा स्वतःचा नसतो बरं का, आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम घातलेला असतो. सर्दी झालेल्या माणसाला तो येत नाही, म्हणून गळती बघायला मला पाठवू नकोस, माझं नाक बारमाही बंद.

आणि म्हणूनच देवळीत आता बॅटरी. काडेपेटीचे दिवस गॅससोबत संपले. एक सेल घातलेली, आणि जादा सेल शेजारच्या डबीत.

सिलिंडर घेताना मुठीखालच्या पट्टीवर बघायला शिक. तिथे एक इंग्रजी अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी, डी तसंच पुढे. ती त्या टाकीच्या तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर टाकी घ्यायची नाही, आणणाऱ्या पोराला परत द्यायची. तो कुरकुरेल. कुरकुरू दे. नळी पाच वर्षांनी बदलायची, ती चांगली दिसत असली तरी.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून ताट झाकायचं आणि कढई हलवायची नाही. अंगावरचं कापड पेटलं तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, आणि दुसऱ्याने वरून सुती गोधडी टाकायची. सुतीच का? आपल्या घरात रेशीम खरं की खोटं ते बघायला धागा जाळून बघतात, पाहिलं असशील. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की विझत जातं, आणि मागे राहते ती चिमटीत चुरडणारी राख. खोटा धागा वितळतो, त्याचा थेंब होतो, आणि तो थेंब बोटाला चिकटला की कातडी घेऊनच निघतो. तुझे ते गुळगुळीत गाऊन या खोट्या धाग्याचेच आहेत. बाहेर खुशाल घाल, ओट्यापाशी नको.

भाजल्यावरची माझी चूक सांगते. थोरल्याच्या हातावर उकळता चहा सांडला होता, मी धावत जाऊन दौतीतली शाई ओतली. तेव्हा सगळे तेच करायचे. कुणी शाई, कुणी कणीक, पुढे टूथपेस्ट आली. डॉक्टरांना ती शाई धुऊन काढताना पोर जे किंचाळलं ते मला अजून ऐकू येतं. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा, बर्फ नाही, बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढायच्या, स्वच्छ सुती कापड सैल टाकायचं आणि दवाखाना. वीस मिनिटं म्हणजे घड्याळाची वीस. पाणीटंचाईच्या गावात वीस मिनिटं पाणी सोडवत नाही, म्हणून बादलीत तांब्याने ओतत राहिलं तरी चालतं. हे पाणी वाया गेलं असं मी कधी म्हणणार नाही.

आपल्याकडे पूर कुठला, असं तू म्हणशील. आपल्याकडे नाही, पण माझी थोरली बहीण चांदोरीला दिलेली, गोदाकाठी, निफाड तालुक्यात. चांदोरी-सायखेड्याला पुराची सवय आहे. नाशकात गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की लोक नदीतल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतात, पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून खालच्या गावांनी काय ते समजायचं. 2019 च्या ऑगस्टमधल्या त्या रविवारी पाणी असं चढलं की ताईला कडेवर घेतल्यासारखं करून बाहेर काढलं. बाहेर येताना तिने काय घेतलं असेल? देवांचे टाक. बरोबरच आहे, पन्नास वर्षं पुजलेले. पण चष्मा राहिला, रक्तदाबाच्या गोळ्या राहिल्या, आणि सातबारा, पासबुकं, रेशनकार्ड हे सगळं लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात होतं. पाणी ओसरल्यावर त्याचा लगदा हातात आला. चष्म्यावाचून तिला पंचनाम्याच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचता येईना. सही मात्र केली तिने.

तेव्हापासून माझी पिशवी दाराच्या मागे खुंटीला आहे. तू ती भाजीची समजून एकदा बाजारात नेली होतीस. ती नेऊ नकोस. तिच्यात जुना चष्मा आहे, नंबर थोडा कमी आहे पण वाचता येतं. दहा दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठीची नक्कल. सगळ्यांच्या आधारकार्डांच्या, सातबाऱ्याच्या, रेशनकार्डाच्या, विम्याच्या नकला प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत. तुझ्या नवऱ्याने डिजिलॉकरमध्ये ठेवल्यात म्हणतो, ठेवू दे, पण कागद पण हवा. दहा, वीस, पन्नासच्या नोटा. पाचशेची मोड संकटात कुणी देत नाही, आणि रेंज गेली की ते फोनवरून पैसे देणंही गेलं. शिट्टी आहे. हसू नकोस, ढिगाऱ्याखाली ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते. मोबाइल चार्ज करायची ती वीट, महिन्याला भरायची. सुतळी, सुरी, दोन सुती पातळं, तुमच्यासाठी पॅड, साबणाची वडी, मिठा-साखरेची पाकिटं. पाकिटं संपली तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा आणि सपाट भरलेला. मीठ जास्त पडू द्यायचं नाही.

आणि एक वही. तिच्यात दहा फोननंबर शाईने लिहिलेत. तुला तुझ्या आईचा नंबर पाठ आहे का? नाही ना? मी विचारलं होतं, तेव्हा तू फोन काढायला गेलीस. 112, 108, 101 हे तर भिंतीवरच लिहून ठेवलेत, स्वयंपाकघराच्या दारामागे, कोळशाने. रंग देताना त्या पोरांनी पुसले होते, मी पुन्हा लिहिले. 1077 हा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा.

आपल्या घरात पाणी शिरलंच तर ते आधी मागाच्या खड्ड्यात दिसतं. एका भादव्यात रात्रभर कोसळला, पहाटे सासरे विणायला बसले आणि पाय घोट्यापर्यंत पाण्यात. खड्डा हा आपला दुतोंड्या मारुती. ओल दिसली की ताण्याखाली प्लॅस्टिक, रेशमाच्या कांड्या आणि जर वरच्या फळीवर, आणि खाली असलेल्या विजेच्या बोर्डाचा मेन बंद. पायाखाली ओल असेल तर बोर्डाला हात लावायचा नाही, खांबावरूनच बंद करायला महावितरणच्या माणसाला बोलवायचं. पैठणी मलमलच्या कापडात ठेवतो, प्लॅस्टिकमध्ये नाही, कारण कोंडल्या ओलीने जर काळी पडते. चार दिवसांपुरतं प्लॅस्टिक चालेल, मग लगेच काढायचं.

वळवाचं वारं मात्र आपल्याला दरसाल आहे. पत्र्याचं घर असलेले लोक पत्र्यांवर दगड ठेवतात. आपल्याही मागच्या पडवीवर होते, मी काढायला लावले. पत्रा उडाला की दगड आधी येतो, आणि माणसं पत्र्याने मरत नाहीत तितकी त्या दगडाने मरतात असं माझं मत आहे. पत्रा हुकाने आणि बोल्टने आवळायचा, वैशाखाच्या आत. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा लोक गारा वेचायला पराती घेऊन अंगणात गेले होते! द्राक्षं झोपली, कांदा झोपला, आणि हे फोटो काढतात. गार पडायला लागली की डोक्यावर काहीतरी घेऊन आत. आणि वीज. गडगडाट ऐकू आला की आपण तिच्या टप्प्यात आहोत एवढं समजायचं. झाडाखाली नाही, गच्चीवर नाही, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप आहे, ते जवळपास वीज पडायची शक्यता आधी सांगतं, शेतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाकून दे. वीज पडलेल्या माणसाला हात लावायला लोक भितात. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत. तुटून पडलेल्या तारेला चिकटलेल्याची गोष्ट वेगळी, तिथे आधी वीज बंद, मग हात.

संक्रांतीला तुझा नवरा येडा होतो, ते तू यंदा पाहिलंस. भोगी, संक्रांत, कर, तीन दिवस अख्खं येवलं गच्चीवर. पतंग उडवा, मांजा गुंडाळायची आसारी माझ्या सासऱ्यांची आहे ती वापरा, पण नायलॉनचा मांजा या घरात नको. त्याच्यावर बंदी आहे आणि तरी मिळतो. दुचाकीवाल्याचा गळा चिरतो, पक्ष्यांचे पंख कापतो. तारेत अडकलेला पतंग गेला म्हणायचं. काठीने काढायला जायचं नाही.

किल्लारीचं सांगायचं राहिलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. लातूर-धाराशिवकडची ती गावं झोपेत गेली. घरं कशाची होती? दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. आपल्या गावातले जुने वाडे काय वेगळे आहेत? भूकंप इथे होईलच असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून या घरात झोपणाऱ्याच्या डोक्यावर माळा नाही, आणि माळ्यावर जातं-पाटा नाही. जड ते खाली, हलकं वर. कपाट भिंतीला पट्टीने ठोकलेलं. झोपताना उशाशी चपला, कारण काच फुटली की अनवाणी माणूस दोन पावलंही चालू शकत नाही. दाराची वाट मोकळी. तुझी ती व्यायामाची सायकल दारात आहे ना, ती हलव.

घरातले पांगले तर भेटायचं कुठे, हेही ठरलेलं असावं. गल्लीत काही झालं तर कोपऱ्यावरच्या लिंबापाशी. गावातच काही झालं, म्हणजे आग वगैरे, किंवा महामार्गावर टँकर उलटला, तर मुक्तिभूमीच्या आवारात. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी जिथे धर्मांतराची घोषणा केली ती जागा. कुठलाही रिक्षावाला डोळे झाकून नेतो, लहान पोरालासुद्धा विचारता येतं. टँकरचं मी उगाच म्हणत नाही. मनमाडला पानेवाडीत तेलाचे डेपो आहेत, आणि तिथले टँकर रात्रंदिवस आपल्या चौफुलीवरून जातात. उलटलेल्या टँकरकडे कॅन घेऊन धावणाऱ्यांत आपल्या घरचा माणूस दिसता कामा नये. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, लांब, आणि गाडी चालू न करता.

साप-विंचवाचं थोडक्यात. पावसाळ्यात रात्री बॅटरीवाचून न्हाणीघराकडे जायचं नाही, जळणाला हात घालण्याआधी काठीने हलवायचं. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना, औषध तिथे मिळतं. मंत्र टाकणाऱ्याकडे जाऊन वेळ घालवलेली माणसं मी पोचवून आले आहे. विंचवाने पूर्वी लहान पोरं जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीने ती वाचवून दाखवली, पण ती गोळी डॉक्टरने द्यायची, आपण नाही.

टाळेबंदी लागली, 2020 च्या मार्चमध्ये, तेव्हा घरात धान्य होतं, पाणी होतं, पैसेही होते. नव्हतं ते औषध. माझ्या गोळ्या चार दिवसांच्या उरल्या होत्या. त्या आणून दिल्या पलीकडच्या बोळातल्या मोमीनाच्या पोराने. त्याच्या घरीही माग, तोही बंद. बदल्यात मी त्याच्या आईला बाजरी दिली. मागणं-देणं असं काही झालं नाही, भिंतीवरून हात आला आणि हात गेला. तेव्हा मी एक यादी केली: गल्लीत कुणाला चालता येत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुठली बाई पोटुशी, कुणाच्या घरी एकटं म्हातारं माणूस. ती वहीच्या मागच्या पानावर आहे. दोन नावं आता खोडावी लागली. तुझं नाव मी कालच घातलं, तुझा सहावा लागला म्हणून.

या सगळ्याची आठवण ठेवायला मला मोबाइलची घंटी लागत नाही. वर्षातून दोनदा, आखाजीला आणि खंडेनवमीला. आखाजीला आपण घागर भरतो, त्याच दिवशी पत्रे, नळी, पिशवी, गोळ्यांच्या तारखा बघायच्या. पुढे वळीव असतो. खंडेनवमीला मागाची पूजा होते, धोटा, फणी पुसून मांडतो, तिथेच बॅटरी, शिट्टी, वही मांडायची. ती पण हत्यारंच. सेल बदलायचे, गोळ्या बदलायच्या, कुणी घर सोडून गेलं असेल तर त्याचं नाव खोडायचं.

बाकी रात्री दिवे मी आज घालवणार नाही, तू दोन जिवांची आहेस. बाळंत होऊन परत आलीस की बघू. तोवर दिवसाउजेडी पावलं मोजून ठेव. माझी सात होतात, तुझी उंची जास्त आहे, तुझी सहाच होतील. आणि उद्या नळ येणार आहे. मधलं पिंप आज संध्याकाळी उपडं करायला नवऱ्याला सांग, तू उचलू नकोस.